ऊसपट्ट्यातला संध्याकाळचा धूर

महोदय,

थंडी सुरू झाली की हवेच्या बातम्या येतात त्या दिल्लीच्या, फार तर मुंबई-पुण्याच्या. कराड आणि आसपासच्या कृष्णाकाठची हवाही डिसेंबर ते फेब्रुवारीत बिघडते, पण तिची दखल कोण घेतो? २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे आहेत. सातारा जिल्ह्यातले एकही शहर नाही. मोबाइलवर लहान गावांच्या नावापुढे दिसणारा हवेचा आकडा अनेकदा दूरची केंद्रे आणि उपग्रह यांच्या माहितीवरून गणिताने काढलेला असतो.

वीटभट्ट्या, गुऱ्हाळे, महामार्गाच्या कामाची धूळ हे सगळे आहेच. साखर कारखान्याच्या काजळीबद्दल तक्रारी जास्त होतात, कारण ती गच्चीवरच्या वाळवणावर दिसते. पण ती जाड असते, लवकर खाली बसते. फुप्फुसात खोलवर जातात ते २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण, आणि पेटवलेल्या पाचटाच्या, म्हणजे ऊस तुटल्यावर शेतात उरलेल्या वाळल्या पाल्याच्या, धुरात ते भरपूर असतात.

पाचट पेटवतात संध्याकाळी. वारा पडलेला असतो, शेजारच्या उभ्या उसाला आग लागायची भीती कमी; शेतकऱ्याच्या बाजूने ती वेळ शहाणपणाचीच. हवेसाठी मात्र सर्वांत वाईट. सूर्य मावळला की जमीन गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, वर उबदार थर झाकणासारखा बसतो. त्यात आगाशिव, सदाशिवगडाच्या उतारांवरून गार हवा खोऱ्यात उतरते. धूर तिथेच कोंडतो आणि ऊन तापेपर्यंत, म्हणजे सकाळी नऊ-दहापर्यंत, हलत नाही. तब्येतीसाठी पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी या तीन महिन्यांत वेळ बदललेली बरी.

हा धूर सरकारी सरासरीत लपतो. बारीक कणांची २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. समजा, पाच तास हवा १५० वर राहिली आणि उरलेले १९ तास ३० वर, तर सरासरी येते ५५, म्हणजे ‘समाधानकारक’! हीच १५० ची हवा दिवसभर राहिली असती तर शेरा ‘अतिखराब’ पडला असता. म्हणून नगरपालिकेने हवा मोजणारे यंत्र बसवले तर ताशी आकडे जाहीर करावेत. स्वस्त लेझर सेन्सर चालेल. तो ३ ते १० मीटर उंचीवर, चहाच्या टपरीपासून आणि रहदारीपासून दूर असावा. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की असे सेन्सर धुक्याचे थेंबही कण म्हणून मोजतात, तेव्हा आर्द्रतेची नोंद सोबत हवीच.

‘पाचट ठेवले की खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारे पीक) पिवळा पडतो’ ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. पाचटात कर्ब (कार्बन) फार, नत्र (नायट्रोजन) अवघे अर्धा टक्का. कुजवणारे जिवाणू उरलेले नत्र जमिनीतून ओढतात आणि पीक उपाशी राहते. ऊस तुटल्यावर लगेच बुडख्यांवरचे पाचट सरीत ओढावे, नाहीतर फुटवे दबतात आणि नांग्या, म्हणजे पिकात मोकळ्या जागा, पडतात. बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत. नत्राची तूट भरायला, एकरी तीन-चार टन पाचट धरून त्यावर ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि शेणखतात मिसळलेले ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक पसरावे आणि पाणी द्यावे. इथेच बहुतेकांचे चुकते: संवर्धक टाकतात आणि पाणी आठवड्याने देतात, तोवर जिवाणू वाळून मेलेले असतात. सरीतून पाणी पुढे सरकत नसेल तर एका सरीत पाचट, दुसरीत पाणी असे एकाआड एक करावे. पेटवले तर नत्र धुराबरोबर जाते आणि पाण्याची बचत करणारे आच्छादनही जाते.

दंडाच्या नोटिसांनी फार काही होईल असे वाटत नाही. उसाचा कोणता फड कोणत्या दिवशी तुटणार हे तालुक्यात एकाच यंत्रणेला नेमके ठाऊक असते, ती म्हणजे कारखान्याचा शेती विभाग. तोडणीच्या चिठ्ठीबरोबरच संवर्धकाची पिशवी बांधावर पोचावी आणि तोडणीची टोळी फडातून बाहेर पडताच पाचटकुट्टीचे यंत्र आत जावे, त्याचे भाडे उसाच्या बिलातून हप्त्याने कापावे. शेतकरी काडी लावतो ते तोडणीनंतरच्या दोन-चार दिवसांत. यंत्राची पाळी पंधरा दिवसांनी येणार असेल तर तो थांबणार नाही, म्हणून कारखान्याच्या प्रत्येक गटाला, म्हणजे काही गावांच्या विभागाला, स्वतंत्र यंत्र हवे. येत्या गळीत हंगामाच्या नियोजनाच्या बैठकीत हा विषय घेतला जावा.

— एक कृषी पदवीधर वाचक, कराड