तुझ्या टॅरंटुलाच्या पोटावरील काळ्या डागाविषयी

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची तिन्ही छायाचित्रे परवा मिळाली. तुझ्या रेड-नी जातीच्या टॅरंटुला कोळिणीच्या पोटावर, केस झडून टक्कल पडले होते नेमक्या त्याच जागी, शाई सांडल्यासारखा काळा डाग उमटला आहे, तिने दोन महिने अन्नाला तोंड लावलेले नाही आणि तो भाग आतून सडत असावा अशी धास्ती तू घेतली आहेस. छायाचित्रे भिंगाखाली धरून मी बराच वेळ न्याहाळली. माझ्या मते ती कात टाकण्याच्या बेतात आहे, आणि असे ठामपणे म्हणण्याचे कारण म्हणजे त्या डागाची कड. तो टकलाच्या सीमेपर्यंत पसरून तिथेच थांबला आहे. एखादा रोग असता तर त्याने ती सीमा इतक्या इमानाने पाळली नसती.

अमेरिका खंडांतील बहुतेक टॅरंटुलांच्या पोटावर खाजकुइलीसारखे बारीक, टोचरे केस असतात आणि डिवचले गेल्यावर ते मागच्या पायांनी घासून हवेत उडवतात, हे तुझ्या मनगटाने अनुभवलेच आहे. झडलेले केस पुढच्या कातीपर्यंत परत येत नाहीत, म्हणून तिथली फिकट, गुलाबीसर तपकिरी त्वचा उघडी पडते. पुढे जुन्या कवचाखाली नवे कवच तयार होऊ लागते, त्याच्यावर नव्या केसांचे दाट आवरण उगवते आणि त्या केसांचा काळा रंग वरच्या पातळ, अर्धपारदर्शक त्वचेतून दिसू लागतो. म्हणजे तू पाहतो आहेस तो डाग त्वचेवर नाही, त्वचेच्या खाली आहे. माझ्या कोळिणीच्या बाबतीत आधी नुसती करडी झाक आली, मग तीन आठवड्यांत सगळे टक्कल काळेभोर होऊन ताणलेल्या चामड्यासारखे चकाकू लागले. बॅटरीचा उजेड तिरका टाकला, तेव्हा आतले केस काचेखाली दाबून बसवल्याप्रमाणे मागच्या दिशेने विंचरलेले स्पष्ट दिसत होते. ज्या टॅरंटुलांना असे केस नसतात, म्हणजे आशिया व आफ्रिकेतील जाती, त्यांच्या पोटावर ही खिडकीच उघडत नाही. तिथे फुगलेले पोट आणि उतरलेला रंग यांवरूनच अंदाज बांधावा लागतो.

तुझ्या दुसऱ्या छायाचित्रात टकलाच्या मधोमध जी उभी, गडद रेघ दिसते, ती जखम नव्हे. कोळ्याचे हृदय नळीसारखे असून ते पोटात पाठीच्या बाजूला असते. ती शांत बसली असताना नीट पाहिलेस, तर ती रेघ हलकेच धडधडतानाही दिसेल. ती काचेवर चढलेली असताना तू खालून काढलेल्या छायाचित्रातले चार फिकट ठिपके तर प्रत्येक टॅरंटुलाला असतातच. ती तिची श्वसनेंद्रिये आहेत आणि त्यांच्या पातळ पानांच्या रचनेमुळे त्यांना बुक लंग म्हणतात. (मीही पहिल्या वर्षी त्यांना बुरशी समजून दोन रात्री जागून काढल्या होत्या, कोणाला सांगू नकोस.)

काळजी करण्यासारखी लक्षणे वेगळी आहेत. पोटावर कुठे ओलसर ठिपका दिसला आणि त्यातून निळसर द्रव पाझरत असेल, तर ते रक्त समजावे. त्यातील प्राणवायू वाहणाऱ्या द्रव्यात तांबे असल्यामुळे त्याला निळी छटा असते. पोटाला सुरकुत्या पडल्या, तर पाण्याचे भांडे आधी तपासावे. आत्ता तिचे पोट इतके तटतटले आहे की हातभर उंचीवरून पडली तरी ते फुटू शकेल, म्हणून कृपा करून तिला हातावर घेऊ नकोस आणि छायाचित्रांसाठी पेटीतली माती उकरू नकोस.

एखाद्या सकाळी ती पाठीवर उताणी पडलेली दिसेल. मेलेला टॅरंटुला सहसा पाय पोटाशी दुमडून, उभ्या स्थितीत सापडतो. उताणा पडलेला बहुधा कात टाकत असतो. पोटातले रक्त पुढच्या भागात दाबून ती शिरोवक्षावरचे (डोके व छाती एकत्र असलेल्या भागावरचे) कवच झाकणासारखे उचकटते आणि पाय हळूहळू, हातमोजा काढावा तसे, बाहेर ओढते. याला काही तास लागतात. त्या वेळी तिला स्पर्श करू नये, पाणी फवारू नये आणि मुख्य म्हणजे पेटीत जिवंत रातकिडा ठेवू नये. मी एकदा रातकिडा काढायला विसरलो आणि त्याने माझ्या कोळिणीच्या मऊ पडलेल्या पायाला चावा घेतला; तो पाय पूर्ववत व्हायला आणखी दोन काती जाव्या लागल्या. कात टाकल्यावर तुझ्या कोळिणीचे सुळेसुद्धा नवे, पांढरे आणि मऊ असतील. ते पुन्हा काळे पडेपर्यंत, म्हणजे साधारण दहा-बारा दिवस, तिला भक्ष्य देऊ नकोस.

बाहेर आल्यावर तिचे पोट लहान दिसेल आणि टकलाच्या जागी मखमलीसारखे काळे केस असतील. तो डाग गेला म्हणून आनंदाच्या भरात जवळ तोंड नेऊ नकोस. उडवायला तिच्याकडे केसांचा पूर्ण नवा साठा असेल आणि डोळ्यांत गेलेला एक केसही महिनोन्‌महिने छळतो.

एक विनंती आहे. ती बाजूला सरकली, की टाकलेली कात लांब चिमट्याने काढून घे आणि वाळण्यापूर्वीच, पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून, पोटाचा चुरगळलेला भाग त्यात हलक्या हाताने उलगड. पुढच्या दोन बुक लंगच्या मध्ये, आतल्या बाजूस, लहानशी घडी उभी असेल तर ती मादी आहे, हे निश्चित होईल. आजवर आपण नुसत्या अंदाजानेच तिला ‘ती’ म्हणत आलो आहोत. त्या भागाचे छायाचित्र मला पाठव, जमल्यास पाठीमागून उजेड धरून काढलेले.

तुझा,
मिलिंद