पोरांच्या फायली पाहिल्या

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं, नोकरीच्या मुलाखतीत आपलं काम दाखवायला पोरांनी बनवलेल्या फायलीही निवांत चाळल्या. स्पष्टच लिहितो: पानामागून पानं नुसती प्रमाणपत्रं, काम शोधावं लागतं. प्रमाणपत्र तर मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाकडे असतं. नोकरी देणाऱ्याला बघायचं असतं ते, जॉब, म्हणजे करायचं काम, हातात दिल्यावर हा पोरगा डोकं कसं चालवतो.

वेल्डिंगचंच घे. वरून शिवण सुरेख दिसते, पण जाणकार माणूस प्लेट उलटी करून रूट, म्हणजे जोडाचा तळ, बघतो. म्हणजे रूटचा फोटो हवाच. बेंड टेस्टमध्ये वाकवलेल्या तुकड्याचाही हवा, आणि शेजारी इलेक्ट्रोड, करंट, पोझिशन लिहिलेली हवी. तडा गेलेला तुकडासुद्धा फेकू देऊ नकोस, त्याचाही फोटो लावायला सांग. का तडकला आणि पुढच्या वेळी काय बदललं, एवढ्या दोन ओळी खाली असल्या की मुलाखत घेणारा त्याच पानावर थांबतो.

वायरिंगवाल्यांची अडचण वेगळी. त्यांचं निम्मं काम भिंतीत गाडलं जातं. प्लास्टरआधी फोटो काढले नाहीत, तर दाखवायला स्विचबोर्ड तेवढा उरतो. फेरूलचे, म्हणजे वायरच्या टोकांवरच्या नळ्यांचे, नंबर वाचता येतील असा उघड्या पॅनलचा फोटो, सर्किटचं ड्रॉइंग आणि मेगरचं, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरचं, रीडिंग, हे हवंच. २३० व्होल्टच्या सर्किटला ५०० व्होल्टवर तपासलं की किमान १ मेगाओहम यायला हवं. मग आलं किती, तो आकडा लिहा. नुसत्या ‘टेस्ट ओके’ला कोण विचारतो?

फिटरच्या फायलीत तर गंमतच. माप २४.९८७ मिमी आणि साधन व्हर्नियर! ज्याचं लघुत्तम माप, म्हणजे मोजता येणारं सर्वांत लहान माप, ०.०२ मिमी, ते हा आकडा दाखवणार कुठून? फोरमन असली गोष्ट लगेच पकडतो, आणि मग खऱ्या मापांवरही त्याचा विश्वास बसत नाही. त्याच फायलीत ग्राइंडिंग करणाऱ्या पोराच्या डोळ्यांवर गॉगल नाही. तो फोटो आधी काढून टाक.

गटाने केलेल्या कामात आपल्या हातचं नेमकं काय, ते प्रत्येकाने लिहावं. रंगीत चौकटी आणि ध्येयवाक्यं नकोत. निवडक सहा-सात जॉब, मोबाइलवर पटकन उघडेल अशी एकच पीडीएफ, बस्स. गिऱ्हाइकाच्या घरचं काम असेल तर त्याची परवानगी मात्र घ्यायला लाव.

आणि वर्णनं तू लिहून देऊ नकोस. तुझी भाषा चांगली आहे, पण समोरच्याने “हे असंच का केलंस?” विचारलं की पोरगं गडबडतं. मोडक्यातोडक्या वाक्यांत का होईना, त्यांचं त्यांना लिहू दे. मग वर्गात कुठलंही पान उघडून तोच प्रश्न तू विचार.

शिवणकामाच्या मुलींबद्दल काहीच लिहिलं नाहीस. त्यांना कपडा उलटा करून आतल्या शिलाईचे फोटो काढायला सांग आणि मला पाठव, मग त्यावर सविस्तर बोलू.

तुझा,
विनायक