ताई, बाळ झोपल्यावर तुम्हाला झोप लागते का?

प्रिय सुमे,

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. तालुक्याच्या रुग्णालयात टाके, रक्तस्राव, हिमोग्लोबिन यांच्या पलीकडे बाळंतिणीच्या मनाचीही चौकशी व्हावी, असं एका स्त्रीरोगतज्ज्ञाला वाटतंय, यापेक्षा चांगली बातमी कुठली?

बाळंतपणाच्या आगेमागे येणारं नैराश्य कसं ओळखायचं आणि पुढे काय करायचं, हे तू विचारलंस. सुरुवात लसीकरणाच्या दिवसापासून कर. स्वतःच्या तपासणीला न येणारी आई बाळाच्या ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लशीला मात्र येते. एक लक्षात ठेव. पहिलटकरीण सव्वा महिना, कधी तीन महिने माहेरी असते. शेक, मालिश, डिंकाचे लाडू, रात्री बाळाला घ्यायला आई. सहाव्या आठवड्यातलं तिचं उत्तर हे माहेरचं उत्तर असतं. सासरी परतल्यावर चित्र पालटू शकतं, म्हणून चौदाव्या आठवड्यात पुन्हा विचार. आणि गरोदरपणात एकदा तरी विचारच, कारण बऱ्याच जणींचं नैराश्य बाळंतपणाच्या आधीच सुरू झालेलं असतं.

प्रश्नावली एडिंबराचीच घे, बाळंतिणीचं नैराश्य चाचपण्यासाठीच ती बनवलेली आहे. कॉक्स, होल्डन आणि सॅगोव्स्की यांनी ती १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. मागच्या ७ दिवसांबद्दल १० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. १३ किंवा जास्त आले तर सविस्तर मुलाखत घ्यायची. १० ते १२ असतील तर दोन आठवड्यांनी पुन्हा विचारायचं. थकवा किंवा भूक यांबद्दल तीत एकही प्रश्न नाही आणि तेच तिचं बळ आहे, कारण थकलेली तर प्रत्येकच बाळंतीण असते. झोपेचा प्रश्नही मन इतकं दुःखी आहे का की झोप लागत नाही, असा आहे. बाळ गाढ झोपलंय आणि आई छताकडे बघत पडलीये, ही खूण कधी सोडू नकोस.

चुका कुठे होतात ते सांगते. पहिली, उत्तरं सासूबाई देतात. बाळाचं वजन करायला त्यांना पुढे पाठव आणि तेवढ्यात हिला एकटीला विचार. दुसरी, गुणांची बेरीज. १, २ आणि ४ या प्रश्नांचे पर्याय वरून खाली ०, १, २, ३ असे मोजायचे. उरलेल्या सातांचे उलटे, ३ पासून. घाईत नर्स सगळे एकाच दिशेने मोजते आणि आजारी बाई ठणठणीत ठरते. तिसरी चूक सगळ्यांत घातक: फक्त एकूण आकडा बघणं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तिथे शून्य सोडून काहीही आलं, तर एकूण ५ असले तरी ती त्याच दिवशी डॉक्टरशी बोलल्याशिवाय घरी जाता कामा नये.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशीचं रडू बहुतेकींना येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्याला औषध नको, विश्रांती हवी. पण पहिल्या दोन आठवड्यांत एखादी झोपेचं नावच घेत नाही, असंबद्ध बोलते, बाळाबद्दल भलतंच काही ठामपणे सांगते, तर ती सूतिकावस्थेतली मनोविकृती, म्हणजे बाळंतपणानंतर वास्तवाचं भान सुटण्याचा आजार. हजारात एकदोन जणींनाच होते, पण ती तातडीची बाब आहे. बाहेरची बाधा समजून घरचे दिवस घालवतात. आई-बाळाला एकत्र दाखल करून घेणारा विभाग बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत आहे.

आता औषध. आधी विचार, कधी अति उत्साहाचा, बिनझोपेचा काळ आला होता का? घरात कुणाला बायपोलर, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी नैराश्य असा आजार आहे का? असेल तर नुसती नैराश्याची गोळी उलटू शकते. आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठव. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही बघून घे. स्तनपान चालू असताना नैराश्याच्या गोळ्यांत माझी पहिली पसंती सर्ट्रालीन, कारण दुधातून बाळाला फार थोडं जातं. २५ मिलिग्रॅम आठवडाभर, मग ५०. मळमळ पहिल्या दिवसांत होते आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. हे आधी सांगितलं नाही, तर पाचव्या दिवशी गोळी बंद झालीच म्हणून समज.

गरोदर राहिल्याचं कळताच चालू गोळ्या एकदम बंद करायला सांगणं, हे मला सगळ्यांत जास्त खटकतं. २००६ च्या एका अमेरिकन अभ्यासात गोळ्या थांबवलेल्या ६८ टक्के जणींचं नैराश्य गरोदरपणात उलटलं. चालू ठेवलेल्यांत २६ टक्के. फिट आणि बायपोलरसाठी देतात त्या व्हॅल्प्रोएटची गोष्ट वेगळी. त्याने गर्भाच्या मज्जारज्जूत दोष येतो, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते शक्यतो सुरूच करू नये.

गोळीइतकीच झोप महत्त्वाची. रात्री सलग चार-पाच तास मिळायला हवेत. झोपायच्या आधी दूध काढून ठेवायचं, मधलं एक पाजणं नवऱ्याने किंवा आजीने वाटी-चमच्याने करायचं. खोलीत ते दूध साधारण चार तास टिकतं. उन्हाळ्यात फ्रीजमध्येच ठेवायला सांग.

समुपदेशक नाही म्हणून अडून बसू नकोस. गोव्यात म्हापशाला मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००२ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांच्या २३ टक्के आयांना नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याचा छळ आणि मुलगी झाल्याची नाराजी ही कारणं ठळक होती. यावर गोळी पुरी पडत नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळ मानसोपचारतज्ज्ञ अतिफ रहमान यांनी गावातल्या आरोग्यसेविकांनाच घरी जाऊन बोलायला शिकवलं. सहा महिन्यांनी त्यांच्याकडच्या २३ टक्के आया नैराश्यात होत्या, इतर गावांत ५३ टक्के. पुढे गोव्यातही त्याच पद्धतीने साध्यासुध्या बायकांना ‘सखी’ म्हणून तयार केलं. तुझ्या आशाताईंना हे नक्की जमेल.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लसीच्या कार्डाच्या मागे लिहून देत जा, कारण मोबाइल घरच्यांच्या हातात असतो. मराठी प्रश्नावली आणि गुण मोजायचा तक्ता सोबत जोडलाय. तक्ता नर्सबाईंच्या टेबलावर चिकटव.

तुझी,
वृंदा