साहेबांचं नव्हे, माझं कार्ड

प्रिय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून राजारामपुरीतल्या एक फिजिओथेरपिस्ट एवढीच ओळख देते. आभार मात्र चारचौघांत मानणार. तुम्ही मला पहिल्याच भेटीत विचारलंत, "मॅडम, नोकरीत असताना पाठीवर किती वजन असायचं?" हा प्रश्न कोल्हापुरातल्या बाकीच्या डॉक्टरांच्याही कानावर जायला हवा, म्हणून हा खटाटोप.

तोवर माझ्या फौजेतल्या नोकरीची चौकशी कुणी केलीच नव्हती. गुडघे, कंबर आणि उजवा खुबा घेऊन जाईन तिथं एकच पाढा: पन्नाशी उलटली, पाळी गेली, वजन उतरवा, कॅल्शियम घ्या. एका ठिकाणी तर काउंटरवरच्या गृहस्थांनी "साहेबांचं कार्ड द्या" म्हणून हात पुढं केला. आमचे साहेब बँकेत होते! माजी सैनिकाचं ते कार्ड माझं, फोटो माझा, हुद्दा माझा. ते बघून म्हणाले, "म्हणजे तिकडं नर्स होता व्हय?" सैनिक टाकळीसारखं फौजींचं गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथं फौजी म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. पण फौजी बाई म्हटलं की लोक अजून तिच्या मागं उभा असलेला नवरा शोधतात. तेही कावळा नाक्यावर ताराराणी घोड्यावर बसलेल्या असताना.

नर्स म्हटल्याचा राग नाही. लष्करात परिचारिका १८८८ पासून आहेत, आमच्या कितीतरी आधी. नर्सिंग आणि डॉक्टरकी सोडून इतर शाखांत बायकांना अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात झाली १९९२ मध्ये, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मी मद्रासच्या लष्करी अकादमीत दाखल झाले. शॉर्ट सर्व्हिस. नोकरी फार तर चौदा वर्षांपर्यंत वाढायची, पेन्शनला वीस लागायची. बायकांना कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ फेब्रुवारी २०२० चा; तोवर मी घरी येऊन बरीच वर्षं झाली होती. माजी सैनिकांच्या उपचारांची ईसीएचएस योजना २००३ पासून सुरू आहे, पण आम्हा शॉर्ट सर्व्हिसवाल्यांना तिचं दार २०१९ मध्ये उघडलं. मधल्या काळात जे दुखलं ते अंगावर काढलं किंवा खिशातून भागवलं. हाडं झिजायची वर्षंही नेमकी तीच.

तुम्ही जुना एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरलात, मग मला उजव्या पायावर उभं केलंत आणि माझ्या कमरेवर दोन्ही हात ठेवून बघितलंत. डावी बाजू खाली कलली, म्हणजे उजवा खुबा कमकुवत. "ट्रेनिंगमध्ये इथं कधी दुखलं होतं?" दुखलं होतं. जांघेत, आतून, रात्री कूस बदलवत नसे. तेव्हा स्नायू ताणला म्हणून स्प्रे मारला आणि दुसऱ्या दिवशी रूट मार्चला उभी राहिले. परेडचं पाऊल तीस इंचांचं, ते उंच पुरुषाच्या पायाला सहज पडतं. माझ्यासारखी पाच फूट एक इंचाची बाई ढांग लांबवत राहते आणि प्रत्येक पावलाचा हिसका खुब्याला, पेल्विसला म्हणजे ओटीपोटाच्या हाडाला बसतो. पाठीवरचा पिट्ठू, म्हणजे सामानाची पिशवी, मात्र सगळ्यांना सारखाच. पोट धड भरत नसेल, पाळी बंद पडली असेल, तर हाड आणखी कच्चं होतं, हे तुम्ही सांगितलंत. आमच्या बॅरॅकमध्ये कितीजणींची पाळी महिनोन्‌महिने आली नव्हती, आणि आम्हाला तेव्हा ती सुटका वाटायची! ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात मुलींना आपापल्या उंचीनं पाऊल टाकू दिलं तेव्हा पेल्विसच्या हाडाला चिरा पडणं कमी झालं, हेही तुमच्याकडूनच कळलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुखण्यामुळं नव्हे, रागामुळं.

मग पाण्याचा विषय निघाला. लडाखच्या रस्त्यावर कॉन्व्हॉयमध्ये बायकांना आडोसा कुठला? म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळपासूनच पाणी तोडायचं. डोंगरावर एरवीपेक्षा जास्त पाणी लागतं, पण करणार काय? लघवीला जळजळ, ताप, गोळ्या, की पुन्हा तेच. पुढं बाळंतपण झालं आणि शिंक आली की लघवी सुटायला लागली. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. तुम्ही मात्र तोंडात काही न घोळवता विचारलंत आणि लघवी रोखणाऱ्या स्नायूंचा व्यायाम शिकवलात: आवळून धरा, सोडा, आणि सोडणंही आवळण्याइतकंच नीट करा. मी मनात "एक-दो-एक" मोजते हे कळल्यावर तुम्हाला हसू आवरेना. आता अंबाबाईच्या देवळात रांगेत उभं राहताना आधी स्वच्छतागृह कुठं आहे ते बघत नाही.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो तुम्ही लिहून दिलेल्या कागदाचा. वहीचं एक पान, साध्या मराठीत. ट्रेनिंगमध्ये काय दुखलं, पाठीवर किती ओझं, किती उंचीवर राहणं, बंकरमधल्या रॉकेलच्या बुखारीचा (शेगडीचा) धूर, जनरेटरचा आणि गोळीबाराचा आवाज, पाळी कधी बंद पडली, बाळंतपणं, झोप. "प्रत्येक डॉक्टरला आधी हा द्या, मग तक्रार सांगा." हाडांच्या डॉक्टरांनी तो वाचून डेक्सा ही हाडांच्या घनतेची तपासणी करायला लावली, टी-स्कोअर उणे अडीचच्याही खाली निघाला, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली, नुसत्या कॅल्शियमवर भागणारं काम नव्हतं. कानाच्या डॉक्टरांना माझ्या कानातली शिट्टी कुठून आली ते विचारावंच लागलं नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ बाई धुराच्या ओळीवर थांबल्या आणि मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करून घ्या म्हणाल्या. अमेरिकेत केट हेंड्रिक्स थॉमस नावाच्या मरीन अधिकारी इराकला जाऊन आल्या होत्या, अडतिसाव्या वर्षी त्यांना स्तनाचा कर्करोग निघाला. २०२२ मध्ये त्या गेल्या आणि त्याच वर्षी त्यांच्या नावानं कायदा झाला: लष्करी तळांवरच्या कचऱ्याच्या जळत्या खड्ड्यांजवळ नोकरी केलेल्या माजी सैनिक बायकांना वयाची अट न घालता मॅमोग्राफी. आमची बुखारी आणि तो धूर एक नव्हे, हे बाईंनी स्पष्ट सांगितलं. माझा रिपोर्ट चांगला आला. पण तिकडं नोकरी कुठं केली ते विचारून तपासणी ठरते, हे मला फार महत्त्वाचं वाटलं.

आता मिलिटरी पोलिसात पोरी शिपाई म्हणून भरती होताहेत, खडकवासल्याच्या एनडीएतही २०२२ पासून मुली आहेत. त्यांच्या खुब्यांचा, पाण्याचा, पाळीचा हिशेब आत्तापासून कुणीतरी लिहून ठेवायला हवा. त्यांच्या पन्नाशीत तो शोधून सापडणार नाही.

जाता जाता एक काम. गडहिंग्लजची माझी मैत्रीण, मिलिटरी नर्सिंगमधून निवृत्त झालेली, गुरुवारी तुमच्याकडं येईल. एसटीनं अकरापर्यंत पोचेल, पुढची वेळ द्या. तिचा कागद मी तुमच्याच पद्धतीनं लिहून घेतलाय, फक्त ओझ्याच्या रकान्यात पिट्ठूऐवजी पेशंट लिहावे लागले: उचललेले, कुशीवर वळवलेले, स्ट्रेचरवरून खाटेवर घेतलेले. तिची कंबर गेली आहे आणि जिना चढताना ती कुणाचा हात धरायची नाही, तेव्हा तुम्हीच खाली या.

आपली,
एक माजी मेजर
रुईकर कॉलनी, कोल्हापूर