काका, ‘हॅकनी डायमंड्स’ असा ऐकवल्याबद्दल

आदरणीय काका,

गंगापूर रोडवर तुमच्या घरी त्या संध्याकाळी तुम्ही रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘हॅकनी डायमंड्स’ या अल्बमबद्दल जे बोललात, त्यासाठी हे जाहीर आभार.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अल्बम आला तेव्हापासून माझ्या कानावर दोनच प्रकारची मतं येत होती. ऐंशी वर्षांच्या गायक मिक जॅगरने आता घरी बसावं, नाहीतर दैवतांविषयी ब्रही काढू नये. तुम्ही मात्र एकेक गाणं थांबवून, मागे नेऊन पुन्हा ऐकवलंत आणि मग मत दिलंत.

अल्बमचा निर्माता अँड्र्यू वॉटने सगळेच आवाज पुढे आणून ठेवलेत, त्यात कीथ रिचर्ड्स आणि रॉनी वुडच्या गिटारींची गुंफण झाकली जाते, हे मला पटलं. पाहुण्या कलाकारांची गर्दी तुम्हाला खटकली, ते मात्र नाही पटलं. लेडी गागाचा आवाज चढतो तिथे माझ्या अंगावर अजून काटा येतो. पण तुमच्या बोलण्यात आकस नव्हता, म्हणून वाद घालतानाही शिकायला मिळालं.

मी ड्रम शिकवतो, त्यामुळे बँडचा ड्रमर चार्ली वॉट्स याच्याबद्दलचं तुमचं बोलणं मनात पक्कं बसलंय. चार्ली ऑगस्ट २०२१ मध्ये गेला. बारापैकी दोनच गाण्यांत त्याचे ड्रम आहेत, बाकी बहुतेकांत स्टीव्ह जॉर्डनचे. स्नेअरवर, म्हणजे ठेक्याच्या मुख्य ड्रमवर, काठी पडते त्या क्षणी चार्ली हाय-हॅटवरचा (झांजांच्या जोडीवरचा) हात उचलतो, तेवढी जागा मोकळी सोडतो. “स्टीव्ह जॉर्डनला नावं ठेवू नकोस, तो उत्तमच वाजवतो. फक्त ही जागा ऐक,” असं म्हणून तुम्ही तोच तुकडा परत परत लावलात.

शेवटचं गाणं संपल्यावर तुम्ही बराच वेळ गप्प होतात. ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या १९५० च्या ज्या गाण्यावरून बँडने नाव घेतलं, तेच ते. जॅगरचा गळा, हार्मोनिका, कीथची गिटार, बस. “अख्खा अल्बम असा हवा होता,” एवढंच म्हणालात. इतकी नेमकी टीका करायला आधी त्या माणसांवर जीव असावा लागतो, आणि तुमचा आहे.

चार्लीची ती दोन गाणी आता मी माझ्या विद्यार्थ्यांना ऐकवतो. येत्या रविवारी सकाळी कॉलेज रोडच्या क्लासवर याल का? स्टोन्सचा १९७८ चा ‘सम गर्ल्स’ लावू. मुलांना तुमच्याकडूनच ऐकू दे.

तुमचा,
एक ऋणी श्रोता