गुऱ्हाळाचा वास बाटलीत उतरवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आपली अत्तराची बाटली मिळाल्याचे मी त्याच दिवशी फोनवर कळवले होते. परंतु आपले आभार फोनवर उरकण्यासारखे नाहीत आणि ते आपल्या दोघांतच राहावेत असेही मला वाटत नाही, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

करवीर तालुक्यातील आमचे गुऱ्हाळ मजुरांअभावी बंद पडले, त्याला सहा हंगाम झाले. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, तेथे चाळीस वर्षे गुळव्या, म्हणजे गूळ तयार करणारे कारागीर, होते. काहिलीतला, म्हणजे रस आटवण्याच्या मोठ्या कढईतला, पाक साधारण ११८ अंश सेल्सिअसला आला की तो गूळ थंड करण्याच्या वाफ्यात ओतावा लागतो. उशीर झाला तर गूळ काळवंडतो आणि घाई केली तर ढेप धरत नाही. तो क्षण आबा तापमापकाशिवाय, बुडबुड्यांचा आकार पाहून, थंड पाण्यात पाकाचा थेंब सोडून आणि या दोहोंच्याही आधी वासावरून ओळखत असत. गुऱ्हाळ मोडले आणि त्या नाकाला काम उरले नाही. त्याविषयी ते कधी बोलले नाहीत. मात्र बाजारातून आणलेला गुळाचा खडा हुंगून ते मुकाट्याने परत डब्यात ठेवत, हे घरातले सगळेच पाहत होते.

गुऱ्हाळाचा वास असलेले अत्तर करता येईल का, एवढेच मी आपल्याला विचारले होते. कोणत्याही मोठ्या कंपनीची नोकरी न करता, पुण्यातल्या एका खोलीत स्वतःच्या हाताने थोडे थोडे परफ्यूम बनवणाऱ्या व्यक्तीने नमुना पाठवून पैसे सांगितले असते, तरी माझे समाधान झाले असते. आपण मात्र कळवलेत की हा वास आपल्याला ठाऊक नाही आणि ज्यांना तो ठाऊक आहे ते शिकवणार असतील तरच आपण हे काम हाती घ्याल.

पहिला नमुना आला तेव्हा आबांनी कागदी पट्टी नाकाशी धरली आणि म्हणाले, “ह्यो गुळाचा वास न्हवं, जत्रंतल्या म्हातारीच्या केसांचा हाय.” मी संकोचत हे आपल्याला सांगितले, तेव्हा आपल्याला झालेला आनंद मला अजून आठवतो. त्या नमुन्यात एथिल माल्टॉल अधिक पडले होते आणि त्याचा वास खरोखरच जत्रेतल्या त्या गुलाबी कापसासारखा असतो, हे आपणच समजावलेत. (१९९२ सालच्या ‘एंजल’ या परफ्यूममध्ये हेच द्रव्य पॅचौली या वनस्पतीच्या सुगंधी तेलासोबत वापरले गेले आणि गोड सुगंधांची लाट आली, हेही मला आपल्यामुळे कळले.) मग आपण सोटोलोनकडे वळलात. मेथीच्या दाण्यांचा आणि कच्च्या साखरेचा वास ज्या द्रव्यामुळे येतो, ते इतके तीव्र की आपण ते पातळ करून थेंबाथेंबाने मोजत होता. तो नमुना हुंगून आबा म्हणाले की हा गूळ खरा आहे, पण लाडवात वळलेला आहे. मेथीचे नाव त्यांना कोणी सांगितले नव्हते.

त्यानंतरच्या प्रत्येक नमुन्यासाठी त्यांनी वही घातली. सकाळी न्याहारीपूर्वी, स्पिरिट उडून जाईपर्यंत थांबून, ते पट्टी हुंगत आणि मला मजकूर सांगत: धूर लाकडाचा आहे, चिपाडाचा हवा, मळी काढताना रसाला जो हिरवट वास येतो तो कुठेच नाही, आणि काहिलीखालच्या चुलवाणाच्या कडेची जमीन राहिली आहे, जिच्यात वर्षानुवर्षे सांडलेला रस मुरला होता. या जमिनीसाठी आपण कन्नौजचे मिट्टी अत्तर आणवलेत. भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या डेगेत पाण्यासह तापवून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, असे आपण सांगितलेत, तेव्हा आबांनी पहिला प्रश्न विचारला तो डेगेखालच्या जाळाविषयी. जाळ कसा राखतात, तो कोण पाहतो आणि त्याला तयारी कशी कळते, यावर तुम्ही दोघे पाऊण तास बोलत होता. मी केवळ फोन धरून बसलो होतो.

अकराव्या नमुन्याला आबा काही बोलले नाहीत. पट्टी त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि संध्याकाळी पुन्हा काढून हुंगली. आरंभी कोवळ्या उसाचा हिरवेपणा, मग काकवीची दाट गोडी, तिच्यामागे पुसट धूर आणि सर्वांत शेवटी वाळा व ओली माती, जी दुसऱ्या दिवशीही त्या खिशाला येत होती. थंडीत पहाटे काहिलीजवळ घोंगडी पांघरून बसल्यावर जी ऊब लागत असे, ती मला या वासात मिळाली.

बाटलीवर आपण लिहिलेले “मुंग्यांना सांगू नका” हे नाव वाचून आबा मोठ्याने हसले. परंतु खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत “नाके: दोन” असे छापलेले मी त्यांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी चष्मा मागून घेतला आणि ते स्वतः वाचले. फ्रेंच लोक सुगंध रचणाऱ्या कारागिराला ‘नाक’च म्हणतात, हे आपण त्यांना पूर्वी सांगितले होते. ताई, माझ्या कृतज्ञतेचे कारण हे दोन शब्द आहेत. आपण त्यांची मर्जी राखण्यासाठी त्यांना विचारले नव्हते; त्यांनी चूक दाखवली की आपण सूत्र बदललेत आणि दोनदा त्यांचे न पटल्याने त्यांच्याशी वादही घातलात.

शेजारच्या गावातील एक गुऱ्हाळ दिवाळीनंतर सुरू होईल. तेथील मालकांशी आबांचे बोलणे झाले असून, आपण यावे आणि पाक उतरताना काहिलीपाशी उभे राहावे अशी आबांची इच्छा आहे. त्या दिवशी अंगाला कोणताही सुगंध लावून येऊ नये, एवढी त्यांची अट मी आपल्याला कळवत आहे.

आपला कृतज्ञ,
एका गुळव्याचा मुलगा