कंसातल्या ओव्या

चि. रूथ,
अनेक आशीर्वाद.

नकला करता करता बायबल बदलत गेलं, असं मैत्रिणी म्हणाल्या आणि तू गप्प बसलीस. एक अक्षरही बदललेलं नाही, असं ठोकून दिलं नाहीस ते बरं केलंस. कारण ते खरं नाही. अक्षरं बदलली आहेत. कुठली, कशी आणि ते कळलं कसं, एवढं सांगता यायला हवं.

नकलकाराचा डोळा कसा फसतो ते बघ. १ योहान २:२३ मधली दोन्ही वाक्यं ग्रीकमध्ये त्याच तीन शब्दांनी संपतात. पहिलं लिहून झालं, नजर मूळ प्रतीवर परत गेली ती दुसऱ्याच्या शेवटावर, आणि दुसरं वाक्य गळालं. नंतरच्या कितीतरी प्रतींत ते नाही, जुन्या प्रतींत आहे. १ तीमथ्य ३:१६ मध्ये काही प्रतींत 'देव' आहे, काहींत 'जो', आणि सगळा खेळ रेघांचा. 'देव' हा शब्द दोन अक्षरांत, डोक्यावर आडवी रेघ देऊन लिहीत. ग्रीक 'जो'चीही दोनच अक्षरं, पण डोक्यावर रेघ नाही आणि पहिल्या अक्षराच्या पोटातही नाही. सर्वांत जुन्या प्रती 'जो'च्या बाजूच्या आहेत. ख्रिस्ताचं देवपण या रेघेवर टांगलेलं नाही. त्याला देव म्हणणाऱ्या योहान १:१ आणि २०:२८ या ओव्या जागच्या जागी आहेत.

लांबलचक पाठभेद, म्हणजे प्रतीप्रतींतले फरक, नव्या करारात दोनच: मार्क १६:९-२० आणि योहान ७:५३–८:११, दोन्ही बारा-बारा ओव्यांचे, म्हणजे वचनांचे. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही प्रतींत ते नाहीत. म्हणून तर आवृत्त्यांत तिथे कंस किंवा तळटीप असते. टीप वाचून घाबरायचं कशाला? लपवायचं असतं तर छापली नसती.

१ योहान ५:७ मधले स्वर्गातले तीन साक्षीदार (पिता, शब्द आणि पवित्र आत्मा) मात्र वादात पुढे करू नकोस. ते लॅटिन परंपरेतून आले. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मस या विद्वानाने १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते घेतले नव्हते. ते असलेली एक ग्रीक प्रत त्याच्यापुढे आली, तेव्हा १५२२ मध्ये घेतले. ती प्रत त्याच्याच काळातली. त्रैक्यासाठी मत्तय २८:१९ आहे.

जुन्या कराराबद्दल विचारलं तर मृत समुद्राकाठच्या कुमरानचं सांग. १९४७ मध्ये तिथल्या गुहेत यशयाची गुंडाळी सापडली, सात मीटरांहून लांब. तोवर हाताशी असलेल्या हिब्रू प्रतींहून सुमारे हजार वर्षं जुनी, तरी ग्रंथ तोच. फरक बहुतेक शब्दलेखनाचे, काही अर्थाचेही. ५३:११ मध्ये तिथे 'प्रकाश' हा जादा शब्द आहे, आणि तो जुन्या ग्रीक भाषांतरातही आहे. पण अर्धंच सांगू नकोस: कुमरानच्याच दुसऱ्या एका गुहेत यिर्मयाच्या आखूड पाठाचे तुकडेही मिळाले. ग्रीक यिर्मया हिब्रूहून सुमारे एक अष्टमांशाने लहान का, ते त्यावरून उलगडतं.

पाठभेद दिसला की तीन गोष्टी विचारायच्या. कुठल्या प्रतींत काय आहे? चूक कुठल्या दिशेने होणं सोपं, गळण्याच्या की भर पडण्याच्या? आणि अर्थ किती बदलतो? प्रतींची नुसती मोजदाद करू नकोस. एकाच चुकीच्या प्रतीवरून शंभर नकला उतरल्या तरी साक्षीदार एकच.

हे झालं विश्वसनीयतेचं. अधिकार वेगळा. लेखकाने काय लिहिलं इथवर हस्तलिखितं पोहोचवतात. ते परमेश्वरप्रेरित आहे, हे २ तीमथ्य ३:१६ म्हणतं आणि ते आपण विश्वासाने स्वीकारतो. मैत्रिणींशी बोलताना ही दोन वाक्यं एकात मिसळू नकोस, नाहीतर त्या पहिल्याचा पुरावा दुसऱ्यासाठी मागतील.

तुझ्याकडच्या पवित्र शास्त्रात मार्क १६ ची टीप काय म्हणते, ते पुढच्या पत्रात कळव. मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतर ग्रंथालयात मिळालं, तर तेही शेजारी ठेवून बघ.

तुझे,
बाबा